तिचे पैसे कुठं गेले?

सकाळी मासळीबाजारातून परतताना मी वास्कोतल्या एका जुन्या हॉटेलात टेकते. नोकरीत होते तेव्हापासूनची सवय. पातळभाजी, पाव, वर कपभर चहा, आणि टेबलावर कुणीतरी वाचून टाकलेलं, रश्श्याचे डाग पडलेलं वर्तमानपत्र. त्या दिवशी आतल्या पानावर बातमी होती: लॉजवर छापा, परप्रांतीय युवतींची सुटका, दलाल गजाआड. सोबत फोटो. पोलीस स्टेशनच्या व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून उभ्या असलेल्या बायका, ओढण्यांनी डोकी गुंडाळलेली. एकीच्या पायात चपला नव्हत्या. ओल्या फरशीवर तिनं एक पाऊल दुसऱ्या पावलावर ठेवलं होतं. समोर बसलेल्या गृहस्थांनी माझ्या हातातल्या पानाकडे पाहिलं आणि अगदी मनापासून म्हणाले, "बरें जालें. सुटलीं बापडीं." टेबलं पुसणारी बाई बेळगावकडची. तिला मराठी वाचता येत नाही, पण फोटो तिनं नीट पाहिला. हातातला फडका थांबला. "आनि त्येंचं पैसं?" ती म्हणाली. "खोलीवर ठिवल्यालं, मोबाइलात असल्यालं? ते कोन देनार त्यास्नी?"

कुणीच काही बोललं नाही. ती पुढच्या टेबलाकडे गेली.

बायण्याच्या, म्हणजे वास्कोच्या किनाऱ्यावरच्या जुन्या वेश्यावस्तीच्या, आसपास आयुष्य काढलेल्या बाईला हे कसं सुचलं, असं वास्कोत कुणी विचारत नाही. पण तो प्रश्न माझ्याबरोबर घरी आला. बांगडे साफ करताना, दुपारी आडवी झाल्यावर, संध्याकाळी देवाजवळ दिवा लावताना तो होताच. छापा पडला की रोकड आणि मोबाइल पंचनाम्यात जातात. त्यातले दलालाचे पैसे कोणते आणि तिनं उशीच्या अभ्र्यात जपून ठेवलेले कोणते, हे त्या रात्री वेगळं करणार कोण? मोबाइलमध्ये घरचे नंबर असतात, ते तिला तोंडपाठ नसतात. मुद्देमाल सोडवून घ्यायचा तर अर्ज लागतो, वकील लागतो, ओळखपत्र लागतं, आणि ओळखपत्रही बहुतेक वेळा त्याच खोलीतल्या पिशवीत राहिलेलं असतं. ती मात्र त्या वेळी संरक्षणगृहात असते. बाहेर पडून वकील गाठायची मुभा तिला नसते. बातमीत यातलं काहीच येत नाही. बातमी दलालाच्या अटकेपाशी संपते आणि तिच्यापुढचा सगळा पेच तिथून सुरू होतो.

मी मुरगाव तालुक्यात मराठी प्राथमिक शाळेत शिकवलं. बंदराजवळची शाळा, वारा फिरला की वर्गातल्या बाकांवर कोळशाची भुकटी बसायची, मुलं त्यावर बोटानं चित्रं काढायची. वर्गात बायण्याची मुलं असत. घरात कानडी, गल्लीत हिंदी, खेळताना कोंकणी आणि माझ्यासमोर मराठी, अशी चार भाषांतून ती सहज ये-जा करत. पुष्कळांच्या आया विजापूर, बागलकोट, बेळगाव भागातल्या, काही आंध्रातल्या. मुलांची वेणीफणी इतर कुठल्याही मुलांसारखी असे, कधी जास्तच नीट. वास्कोच्या दामबाबाच्या सप्ताहातल्या फेरीत, म्हणजे जत्रेत, घेतलेली नवी कंपासपेटी घेऊन येत आणि दिवसभर उघड-मीट करत बसत. पालकसभेला आया शेवटच्या बाकावर बसायच्या, पदर डोक्यावर घेऊन, आणि सभा संपायच्या आत उठायच्या. त्यांच्यातल्या एकीनं मला एकदा थांबवून विचारलं होतं, "बाई, बोर्डिंगची शाळा कुठं असंल तर सांगा. पोरगी मोठी व्हायला लागलीया." एवढंच बोलली. पुढचं मला कळावं अशी तिची अपेक्षा होती आणि मला कळलंही. ती मुलगी धारवाडच्या वसतिगृहात गेली. आईनं वर्षानुवर्षं तिची फी भरली ती बायण्यातल्या त्या सात-आठ फुटांच्या खोलीतून.

२००३ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या गोव्यातल्या पीठानं बायण्यातल्या या खोल्या बंद करण्याचा आदेश दिला. आदेशात बायकांच्या पुनर्वसनाचीही भाषा होती. जून २००४ मध्ये, पाऊस धरलेला असताना, बुलडोझर आले. पुनर्वसन मागे राहिलं. शाळा नुकतीच सुरू झाली होती. पहिल्या दिवशी वाटलं, पावसामुळे मुलं आली नसतील. मग हजेरीपटावर एकेका नावापुढं गैरहजेरीच्या खुणा लागत गेल्या. बायण्यात फक्त धंदा करणाऱ्या बाया राहत नव्हत्या. बंदरावरचे हमाल, भाजीवाल्या, रंगकाम करणारे, सगळ्यांची घरं एकमेकांना टेकून होती आणि पाडताना तीही पडली. मी संध्याकाळी तिकडे गेले तेव्हा किनाऱ्यावर ओल्या गाद्या होत्या, पत्रे होते, स्टीलची भांडी पोत्यात भरून त्यांवर बसलेल्या बायका होत्या. समुद्राचा आणि भिजलेल्या कापसाचा वास एकत्र येत होता.

दोन-तीन दिवसांनी एक आई शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आली. साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली, मुलाचा हात घट्ट धरलेला. अर्जात सध्याचा पत्ता लिहायची जागा असते. तिथं येऊन तिचं सांगणं थांबलं. "पत्ता काय लिवू, बाई? घर तर पाडलं की." मुख्याध्यापिकांनी पेन हातात तसंच धरलं. मग आम्ही तिथं तिच्या गावाचं नाव लिहिलं, जिथं ती वर्षातून जत्रेपुरती जायची आणि जिथल्या शाळेत आईचा धंदा कळला तर मुलाचं काय होईल या धास्तीनं तिनं त्याला गोव्यात ठेवलं होतं. तो मुलगा गणितात हुशार होता. दाखल्याची घडी त्यानं स्वतःच्या खिशात ठेवली, आईकडे दिली नाही.

धंदा थांबला नाही. तो बायण्यातून उठला आणि लॉजमध्ये, बारमागच्या खोल्यांत, मसाज पार्लरमध्ये, हमरस्त्याच्या कडेला, पुढं मोबाइलवर गेला. एका जागी होता तेव्हा आरोग्य तपासणीवाले, निरोध वाटणारे, मुलांची बालवाडी चालवणारे तिथं पोचत. शेजारणी होत्या, रात्री ओरडलं तर ऐकणारं कुणी होतं. २००९ साली या पाडापाडीचा एचआयव्ही प्रतिबंधाच्या कामावर काय परिणाम झाला यावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बायका विखुरल्या, दिसेनाशा झाल्या आणि त्यांच्यापर्यंत पोचणं अवघड होऊन बसलं, हे त्यात सविस्तर आलं आहे. बायण्याच्या किनाऱ्यावर आता फिरायला येतात, जवळच रवींद्र भवनात नाटकं होतात. मीही जाते. मध्यंतरात बाहेर आलं की समुद्राचा तोच वारा लागतो.

हे लिहिताना माझं मन एका बाजूला सरळ कलत नाही, आणि ते कलू नये असंच मला वाटतं. फसवून आणलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. नोकरी देतो, ब्युटी पार्लरमध्ये लावतो म्हणून आणायचं, प्रवासाचे आणि खाण्याचे पैसे कर्ज म्हणून डोक्यावर चढवायचे आणि ते फिटेपर्यंत बाहेर सोडायचं नाही, हा व्यापार खरा आहे आणि क्रूर आहे. आता मध्य आशियातून, आफ्रिकेतून आलेल्या मुलींच्या बाबतीत त्यात पासपोर्ट काढून घेणं आलं. मुलगी अल्पवयीन असेल तर संमतीचा प्रश्नच उरत नाही. २००० सालच्या संयुक्त राष्ट्रांच्या मानवी तस्करीविरोधी पालेर्मो करारनाम्यात तसं स्पष्ट आहे, आपल्या २००३ च्या गोवा बाल कायद्याचा रोखही तोच आहे, आणि त्यात एका अक्षराचीही सूट असू नये. अशा दारावर पोलिसांनी रात्री दोन वाजता थाप मारलीच पाहिजे. माझी सगळी तगमग दार उघडल्यानंतरची आहे.

दार उघडल्यावर सज्ञान बाईचं काय होतं ते १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंध कायद्यात लिहिलेलं आहे. शरीरविक्रय करणं हा त्या कायद्यानं स्वतःहून गुन्हा ठरत नाही. कुंटणखाना चालवणं, दलाली, सार्वजनिक जागी गिऱ्हाईक बोलावणं हे गुन्हे आहेत. तरीही छाप्यात सापडलेल्या बाईला दंडाधिकाऱ्यांसमोर उभं केलं जातं, तिचं वय, तिची वैद्यकीय तपासणी, तिचं घर, घरचे तिला परत घ्यायला लायक आहेत का, याची चौकशी होते आणि कलम १७ खाली तिला एक ते तीन वर्षं संरक्षणगृहात ठेवता येतं. ज्याच्यावर आरोप आहे तो दलाल जामिनावर बाहेर येतो, आणि जिच्यावर आरोपच नाही ती आत राहते. दंडाधिकाऱ्यांना मदत म्हणून पाच प्रतिष्ठित व्यक्तींची समिती बोलावता येते. शक्यतो त्यातल्या तीन स्त्रिया असाव्यात असं कायदा म्हणतो. ही तरतूद मी प्रथम वाचली तेव्हा बराच वेळ त्या ओळीवर थांबले. मी निवृत्त शिक्षिका आहे. उद्या अशा समितीवर मला कुणी बोलावलं तर कुणाला नवल वाटणार नाही. आमच्या त्या हॉटेलातल्या बाईला कुणी बोलावणार नाही, आणि त्या खोलीत विचारायचा पहिला प्रश्न तिला ठाऊक आहे.

याच कायद्याचं कलम ४ म्हणतं की अठरा वर्षांवरच्या ज्या व्यक्तीला ठाऊक आहे आणि तरी जी दुसऱ्याच्या शरीरविक्रयाच्या कमाईवर जगते, तिला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दलालासाठी केलेली ही तरतूद. पण अकरावी-बारावीत गेलेला मुलगा आईच्या पैशानं कॉलेजची फी भरत असेल तर अठराव्या वाढदिवसानंतर तो या वाक्यात बसतो. आंधळी आजी बसते. ज्यांच्यासाठी ती कमावते त्या सगळ्यांना कायद्यानं दलालाच्या रांगेत नेऊन उभं केलं आहे.

१९७६ चा वेठबिगारी निर्मूलन कायदा यांच्याशेजारी ठेवून वाचावा असं मला फार वाटतं. वीटभट्टीवर कर्जापायी अडकलेल्या मजुराला सोडवलं की काय होतं? त्याचं कर्ज कायद्यानं तिथल्या तिथं संपतं. गहाण पडलेली मालमत्ता त्याची त्याला परत मिळायची असते. आणि मालकानं राहायला दिलेल्या घरातून त्याला हुसकावून लावता येत नाही, अशी स्वतंत्र तरतूद त्यात आहे. मुक्त झाल्याचं प्रमाणपत्र त्याच्या हाती येतं. त्याला सुधारण्यासाठी कुणी कोंडून ठेवत नाही, त्याचे घरचे लायक आहेत का हे पाहायला कुणी जात नाही. अंमलबजावणीचे हाल आहेत, पण निदान कागदावर तरी त्याला माणूस धरलेलं आहे, ज्याचं काही हिरावलं गेलं आणि ज्याला ते परत द्यायचं आहे. कर्जात बांधलेल्या बाईची खोली मात्र सील होते, पैसे मुद्देमालात जातात, गावच्या सावकाराचं कर्ज तसंच राहतं, आणि पोलीस बंदोबस्तात तिला ज्या गावी पोचवतात तिथं तोवर सगळ्यांना सगळं कळलेलं असतं. काही महिन्यांनी ती पुन्हा गोव्याच्या गाडीत बसली की आपण म्हणतो, यांना सवयच असते.

तिला परत यावं लागतं, कारण तिचं काहीच तिला परत मिळालेलं नसतं.

माझी आजी फोंडा महालातली, देवळाच्या आवारात वाढलेली. आमच्या समाजाचा इतिहास गोव्यात कुणाला सांगावा लागत नाही. आजीच्या आईचा शेंसाचा, म्हणजे मुलीला देवाच्या सेवेला वाहण्याचा, विधी झाला होता; आजीचा झाला नाही. कलावंतिणीचं जिणं आणि बायण्याच्या खोलीतलं जिणं एक नव्हे. ती सरसकट एक करून बोलणाऱ्यांचा मला राग येतो. गाणं, सेवा, इनाम, यजमान ही सगळी वेगळी वीण होती आणि तिची दुःखंही वेगळी होती. पण बदल कसा झाला, ते मी आजीकडून ऐकलं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आमच्यातलीच माणसं उठली. सभा घेतल्या, मुलींना शाळेत घातलं, मुलांच्या बापाचा प्रश्न उघड्यावर बोलून दाखवला, पुढं गोमंतक मराठा समाज उभा राहिला. त्याच समाजातले भाऊसाहेब बांदोडकर मुक्त गोव्याचे पहिले मुख्यमंत्री झाले. बाहेरूनही टीका होत होती, उपदेश होत होते, कायदेही झाले. पण आजी सांगायची ते घरातल्या बायकांनी रात्री चुलीपाशी बसून घेतलेल्या निर्णयांचं. आणि आजीच्या आईचं घर तिचंच राहिलं. कुणी ते सील केलं नाही. त्या घराच्या बळदात भात होतं, म्हणून मुलीला नको त्या वाटेला न लावण्याचा निर्णय तिला परवडला.

सांगलीला वेश्या अन्याय मुक्ती परिषद ही धंद्यातल्या बायकांचीच संघटना १९९६ पासून हेच म्हणते आहे. वस्तीत नवी मुलगी आली, वयानं लहान दिसली, घाबरलेली दिसली, तर ते सर्वांत आधी तिथल्या बायकांना कळतं, आणि त्या संघटित असतील, पोलिसांना त्या भिणार नसतील, तर त्याच हा व्यापार अडवू शकतात. कोलकात्याच्या सोनागाछी या वेश्यावस्तीत याच विचारानं बायकांची स्वनियमन मंडळं चालतात. गोव्यात अन्यायरहित जिंदगी ही संस्था दुसऱ्या टोकानं पाहते. हा मुळात शोषणाचाच बाजार आहे, असं तिचं म्हणणं. पण तिनंही बाहेर पडू पाहणाऱ्यांसाठी यंत्रावरची लाँड्री सुरू केली, कारण पगाराशिवाय बाहेर पडणं हे नुसतं बोलणं राहतं. दोन्हीकडच्या माणसांशी मी बोलले आहे. धंद्याकडे काम म्हणून पाहायचं की अत्याचार म्हणून, यावर त्यांचं जमणार नाही, आणि माझ्याही मनात ते पूर्ण सुटलेलं नाही. पण संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क उच्चायुक्तांनी २००२ साली घालून दिलेलं एक तत्त्व मला दोघांच्याही वरचं वाटतं: मानवी तस्करी रोखण्याचे उपाय असे असता कामा नयेत की ज्यांची तस्करी झाली त्यांच्याच हक्कांना आणि प्रतिष्ठेला धक्का लागेल. बायण्याच्या किनाऱ्यावर भिजत पडलेल्या गाद्या पाहिलेल्या माणसाला हे वाक्य पुस्तकी वाटत नाही.

२०२२ च्या १९ मे रोजी सर्वोच्च न्यायालयानं, कोलकात्यातल्या एका बाईच्या खुनावरून सुरू झालेल्या बुद्धदेव कर्मास्कर खटल्यात, राज्यांना निर्देश दिले. संरक्षणगृहांची पाहणी करा. ज्या सज्ञान बायकांना त्यांच्या मनाविरुद्ध ठेवलं आहे त्यांच्या सुटकेचा मुदतीत विचार करा. निरोध सापडला म्हणून तो पुरावा धरू नका. पत्त्याचा पुरावा नसला तरी एड्स नियंत्रण यंत्रणेच्या अधिकाऱ्याच्या दाखल्यावर आधार कार्ड द्या. बायकांची ओळख उघड होईल असं प्रसारमाध्यमांनी काही दाखवू नये. स्वखुशीनं काम करणाऱ्या सज्ञान बाईला छाप्यात अटक होऊ नये, दंड होऊ नये, अशी न्यायालयानं नेमलेल्या समितीची शिफारसही त्या आदेशात नोंदलेली आहे. समितीच्या काही शिफारशींना केंद्र सरकारनं आक्षेप घेतला. त्याआधी, सप्टेंबर २०२० मध्ये, मुंबई उच्च न्यायालयानं संरक्षणगृहात ठेवलेल्या तीन सज्ञान स्त्रियांना मोकळं केलं होतं आणि सज्ञान स्त्रीला आपला व्यवसाय निवडायचा हक्क आहे असं म्हटलं होतं. कागद आता तिच्या बाजूला हळूहळू सरकतो आहे.

दाखल्याची घडी खिशात ठेवणारा तो मुलगा आता गोदीत इलेक्ट्रिशियन आहे. आई आणि तो झुआरीनगरला राहतात. गावच्या शाळेतून तो दहावी झाला, आयटीआयला गोव्यात परतला; फीचे पैसे कुठून येत होते हे त्याला माहीत होतं आणि अठरा पूर्ण झाल्यावरही ते येत राहिले. गेल्या रविवारी मी त्यांच्याकडे गेले होते. माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करायचा माझ्या मनात आहे, तो त्याला दाखवायचा होता. असले अर्ज त्याला चांगले लिहिता येतात. मे २०२२ नंतर राज्यातल्या संरक्षणगृहाची पाहणी झाली का, झाली असल्यास अहवालाची प्रत. किती सज्ञान स्त्रियांना सोडलं. छाप्यांत जप्त केलेली रोकड आणि मोबाइल यांपैकी काय त्या स्त्रियांना परत दिलं, किती दिवसांनी. त्यानं माझ्या लांबलचक वाक्यांचे तुकडे केले. "कारणं विचारली तर उत्तर देत नाहीत, बाई. नोंद काय आहे एवढंच विचारायचं." आई चहा घेऊन आली, शेजारी बसून ऐकत राहिली. कलम १७ मधल्या पाच प्रतिष्ठित माणसांचं तिला मी सांगितलं तेव्हा तिनं कप खाली ठेवला. "त्या पाचांत आमच्यातली एक तरी बसवल्याली हाय का कवा, ते बी लिवा," ती म्हणाली. मुलानं माझ्याकडे पाहिलं, मग तो प्रश्न चौथ्या क्रमांकावर उतरवला. समितीवर नेमलेल्या व्यक्तींची यादी, त्यांचा व्यवसाय, वर्षनिहाय. अर्ज मी सोमवारी पणजीला जाऊन देणार आहे, आणि आलेलं उत्तर आधी तिला वाचून दाखवणार आहे.